शाळेतला प्रिंटर विंडोज, लिनक्स, मॅक आणि मोबाईल सगळ्यांना एकत्र कसा जोडायचा?

माळावरचा_मास्तर :

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो, कॉम्प्युटर लॅबचं पण माझ्याकडेच आहे. प्रश्न प्रिंटरचा आहे, जरा सविस्तरच लिहितो म्हणजे परत परत विचारायला नको.

ऑफिसात दोन पीसी, एकावर विंडोज ११ आणि एक जुना विंडोज ७ वाला, तो बदलता येत नाही कारण फीचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. लॅबमध्ये सगळीकडे लिनक्स मिंट. मुख्याध्यापिका बाईंचं मॅकबुक. शिक्षकांकडे बहुतेक अँड्रॉइड, दोघातिघांकडे आयफोन. प्रिंटर दोन. एक एचपीचा जुना लेझरजेट १०२० प्लस, फक्त यूएसबीचा, तो विंडोज ११ वाल्या पीसीला लावून शेअर केलाय. दुसरा यंदाच घेतलेला इंक टँकवाला, स्कॅनरसकट, त्याला वायफाय आणि लॅन दोन्ही आहे.

आता होतंय काय की जुन्या लेझरला विंडोज ७ जोडायला गेलं की ०एक्स०००००११बी असा एरर येतो, लिनक्सवरून युजरनेम पासवर्ड मागतो आणि कुठलाही टाकला तरी घेत नाही, मॅकवर प्रिंटर दिसतो पण प्रिंट दिली की "होल्ड फॉर ऑथेंटिकेशन" म्हणून नुसती पडून राहते, मोबाईलचा तर प्रश्नच नाही. नवीन प्रिंटर ऑफिसात सगळ्यांना सापडतो पण वरच्या मजल्यावर लॅबमध्ये आणि तिथल्या वायफायवर कोणालाच सापडत नाही. गंमत अशी की लॅबमधून त्याला पिंग केलं (म्हणजे नेटवर्कवरून "आहेस का" असं विचारलं) तर उत्तर येतं.

सहामाही तोंडावर आलीय, प्रत्येक शिक्षक पेनड्राइव्ह घेऊन ऑफिसात येतो, क्लार्कला त्याचं काम बाजूला ठेवून उठावं लागतं. हे थांबायला हवं. शेअरिंगचा एरर आधी सोडवू का दुसरं काही बघू?

---

नवखा_अमरावती :

विंडोजचा तो एरर मला पण यायचा. रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंगची यादी) एक नवीन व्हॅल्यू टाकायची आणि ती शून्य करायची, स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) रिस्टार्ट, की लगेच चालतं. यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत.

---

तांब्याची_तार :

सर, ती रजिस्ट्रीची युक्ती कृपया करू नका. तो एरर बिघाडाचा नाहीये, तो मुद्दाम घातलेला अडसर आहे. विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये २०२१ साली लागोपाठ मोठी भोकं सापडली, त्यातलं जुलैमधलं "प्रिंटनाइटमेअर" सगळ्यांनी ऐकलं असेल, त्यात नेटवर्कवरचं साधं लॉगिन असलेला कोणीही तुमच्या मशीनवर पूर्ण ताबा मिळवू शकत होता. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटपासून प्रिंटर शेअर करणारं मशीन समोरच्याकडून जास्त कडक ओळख मागायला लागलं. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, त्याला तो बदल पोचलेलाच नाही, म्हणून ते ओळख देऊ शकत नाही आणि ११बी येतो. व्हॅल्यू शून्य केली की विंडोज ११ वाल्या मशीनचं कुलूपच काढून टाकल्यासारखं आहे, आणि त्याच मशीनवर मुलांची माहिती, आधार नंबर, दाखले सगळं असणार.

तुमची खरी अडचण दुसरीच वाटतेय. दोन गोष्टी सांगा. ऑफिसातल्या पीसीचा आयपी काय आणि लॅबमधल्या एखाद्या मशीनचा काय? आणि इंटरनेटची वायर शाळेत नक्की कुठे कुठे जाते?

---

माळावरचा_मास्तर :

ऑफिस पीसी १९२.१६८.१.५, नवीन प्रिंटर १९२.१६८.१.९. लॅबमधलं मशीन १९२.१६८.०.१०४.

फायबरचा डबा ऑफिसात आहे, त्याचंच वायफाय खाली चालतं. त्यातून एक लॅन केबल वर लॅबमध्ये गेलीय आणि तिथे दुसरा राउटर बसवलाय, त्याच्यातून एक स्विच आणि वरचं वायफाय. हे सगळं लॅब झाली तेव्हा बसवणाऱ्यांनी करून दिलेलं.

---

तांब्याची_तार :

सापडलं. तिसरा आकडा बघा, खाली १ आणि वर ०. म्हणजे तुमच्या शाळेत एक नेटवर्क नाहीये, दोन आहेत. वरच्या राउटरच्या वॅन पोर्टात (इंटरनेट आत येण्याचं भोक) केबल घातलीय, त्यामुळे त्याने स्वतःचं वेगळं घर मांडलंय आणि मध्ये एकाच बाजूने उघडणारं दार लावलंय. लॅबमधून खाली जाता येतं म्हणून तुमचं पिंग लागतं, पण खालून वर जाता येत नाही.

मग पिंग लागतं तर प्रिंटर सापडत का नाही, हा तुमचा मुख्य प्रश्न. प्रिंटर शोधताना मोबाईल असो, मॅक असो की लिनक्स, ते काय करतात तर नेटवर्कवर हाक मारतात, कोणी प्रिंटर आहे का रे म्हणून. ॲपलवाले याला बॉन्जूर म्हणतात, लिनक्सवर ते काम अवाही करतं, तांत्रिक नाव एमडीएनएस, पोर्ट ५३५३. ही हाक मुळातच फक्त आपल्या नेटवर्कपुरती असते, राउटर ती पलीकडे जाऊ देत नाही. म्हणून वर बसलेल्याला खालचा प्रिंटर ऐकूच येत नाही. आयपी हाताने टाकला तर लॅबमधून प्रिंट जाईल, पण आयफोनच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा आयपी टाकायला जागाच नाही, त्याला हाकेला ओ मिळालीच पाहिजे.

उपाय असा. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जा, ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, झालं. नसेल तर हाताने: त्याचा स्वतःचा आयपी बदलून १९२.१६८.१.२ करा (आधी तो दुसऱ्या कोणाला दिलेला नाही ना बघा), त्याचं डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात घाला. क्रम हाच ठेवा. केबल आधी बदललीत तर दोन डीएचसीपी एकाच नेटवर्कवर पत्ते वाटायला लागतील आणि अख्ख्या शाळेचं नेट हेलकावे खाईल.

त्यानंतर वायफायच्या सेटिंगमध्ये "एपी आयसोलेशन" किंवा "क्लायंट आयसोलेशन" नावाचं काही चालू असेल तर ते बंद. गेस्ट वायफायवर हे बहुतेक चालूच असतं, त्यामुळे शिक्षकांचे मोबाईल गेस्टवर असतील तर ते मुख्य वायफायवर घ्या. मुलांसाठी गेस्ट ठेवलं असेल तर ते तसंच राहू दे, उलट बरंच आहे.

---

सफरचंद_ठाणे :

+१. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात हुबेहूब हेच होतं, लोक प्रिंटरलाच दोष देत होते.

एक भर. प्रिंटर शक्यतो वायफायवर ठेवू नका, लॅन केबलने जोडा, पोर्ट आहेच तर. आणि फायबरच्या डब्यात त्याच्या मॅक ॲड्रेसवर (प्रत्येक यंत्राचा कायमचा हार्डवेअर पत्ता, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) आयपी राखून ठेवा, डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन अशा नावाने मिळेल. नाहीतर आज ९ आहे, लाईट जाऊन आली की १४ होईल आणि विंडोज तुम्हाला ऑफलाईन ऑफलाईन करत बसेल.

---

तांब्याची_तार :

बरोबर, आणि लाईटचं निघालंच आहे तर अजून एक. लाईट आल्यावर प्रिंटर आधी जागा होतो आणि राउटरला वेळ लागतो, मग प्रिंटरला पत्ता मिळत नाही आणि तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा कुठलातरी पत्ता घेऊन बसतो. नेट चालू, प्रिंटर चालू, तरी प्रिंट नाही, असं झालं तर प्रिंटरच्या स्क्रीनवर आयपी बघा. १६९ दिसला की बंद करून परत चालू करायचा. राउटरला छोटा यूपीएस लावला तर हे मुळात होतच नाही.

पण लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका हां. आतला फ्यूजर तापताना एकदम काहीशे वॉट ओढतो, पीसीसाठीचा साधा यूपीएस तिथेच ट्रिप होतो आणि सोबतचा पीसी पण घेऊन जातो. लेझर सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये.

---

माळावरचा_मास्तर :

खूप खूप आभार! आज शाळा सुटल्यावर राउटरचं केलं, ॲक्सेस पॉइंट मोड होता त्यात. आता लॅबमधल्या मशीनना पण १९२.१६८.१ चे पत्ते मिळालेत आणि नवीन प्रिंटर वरून मोबाईलवर दिसतोय, आयफोनवर सुद्धा, काहीही इन्स्टॉल न करता. आमच्या मराठीच्या बाईंनी स्टाफरूममधून प्रिंट दिली आणि खाली जाऊन कागद घेऊन आल्या, चेहरा बघण्यासारखा होता त्यांचा.

पण काहीही इन्स्टॉल न करता कसं काय? ड्रायव्हर लागत नाही का? मिंटवर पण तो आपोआप आला, मी सीडीतला ड्रायव्हर शोधत बसलो होतो. आणि जुन्या लेझरचं काय करायचं? शाई स्वस्त पडते तरी प्रश्नपत्रिका लेझरवरच हव्यात, इंक टँकवाला शंभर पानांना फार वेळ घेतो.

---

पेंग्विनप्रेमी :

हा माझा विषय आहे त्यामुळे मोठं लिहिणार, सांभाळून घ्या.

पूर्वी प्रत्येक प्रिंटरची भाषा वेगळी, म्हणून प्रत्येक कॉम्प्युटरवर त्या त्या कंपनीचा त्या त्या मॉडेलचा ड्रायव्हर. विंडोज ७ चा वेगळा, ११ चा वेगळा, मॅकचा वेगळा आणि लिनक्सचा मिळाला तर मिळाला. मोबाईल आले तेव्हा हे चालणार नव्हतं, फोनवर कोण ड्रायव्हर टाकणार. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं, त्यात प्रिंटरच स्वतःहून सांगतो की मला कुठले कागद चालतात, रंग आहे का, दोन्ही बाजूंनी छापतो का, आणि ठरावीक दोनतीन फॉरमॅटमध्ये दिलं की छापतो. मग २०१३ मध्ये मोप्रिया नावाची कंपन्यांची संघटना झाली, अँड्रॉइडवरचं छापणं त्या वाटेने येतं. आणि आयपीपी एव्हरीव्हेअर, ते खुलं मानक. तिन्हींच्या पोटात एकच प्रोटोकॉल आहे, आयपीपी, पोर्ट ६३१. नवीन प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलंय एवढं बघितलं तरी पुरे, लिनक्सवर तो चालणारच असं धरून चाला.

मॅक आणि लिनक्स दोन्हीत छपाईचं काम करणारी सिस्टीम एकच आहे, कप्स. मायकल स्वीट यांनी १९९७ च्या सुमारास लिहायला घेतली, ॲपलने ती २००२ च्या मॅकमध्ये घेतली आणि २००७ मध्ये विकतच घेतली, पण ती ओपन सोर्सच राहिली. आता लिनक्सच्या बाजूने ओपनप्रिंटिंगची मंडळी सांभाळतात. विंडोजही त्याच दिशेने चाललंय, मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं की कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने कमी करत नेणार आणि त्यांचा स्वतःचा एकच आयपीपी क्लास ड्रायव्हर पुढे असणार. म्हणून माझं ठाम मत आहे की आज नवीन मांडणी करताना विंडोजचं फोल्डर शेअरिंगच्या वाटेने जाणारं प्रिंटर शेअरिंग वापरूच नये. सगळ्यांनी आयपीपीने बोलावं, कोणालाही पासवर्ड-वर्कग्रुपच्या भानगडीत पडावं लागत नाही.

आता तुमचा १०२०. त्याला नेटवर्क नाही, आणि त्याला स्वतःला फारसं कळत पण नाही, पानाचं चित्र कॉम्प्युटरनेच तयार करून द्यावं लागतं. वर त्याचं फर्मवेअर त्याच्या आत राहत नाही, प्रत्येक वेळी चालू केला की कॉम्प्युटरने ते पाठवावं लागतं. म्हणून राउटरच्या यूएसबी पोर्टात लावून असे प्रिंटर सहसा चालत नाहीत, त्या नादाला लागू नका. त्याला एक कॉम्प्युटर लागणारच. तो कॉम्प्युटर लिनक्सचा असू दे. तुमच्याकडे मिंटची मशीन आहेतच, त्यातलं एक जुनं ऑफिसात आणा:

मिंटवर एचपीएलआयपी पॅकेज (एचपीच्या प्रिंटरसाठीचं लिनक्स सॉफ्टवेअर) असतं, त्याचं सेटअप चालवा, या मॉडेलला वेगळा प्लगइन लागतो तो तेव्हाच डाउनलोड होतो, त्यामुळे नेट चालू ठेवा. एकदा झालं की पुढे प्रिंटर चालू केला की फर्मवेअर आपोआप जातं.

मग त्याच मशीनवर ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, कोलन, ६३१ उघडा (पत्ता अर्थात इंग्रजी अक्षरांत). हे कप्सचं पान. ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये "शेअर प्रिंटर्स कनेक्टेड टू धिस सिस्टीम" वर टिक, आणि नंतर त्या प्रिंटरच्या स्वतःच्या पानावर पण शेअरची टिक. दोन्ही लागतात. लोक दुसरी विसरतात आणि मग दिसत नाही म्हणून डोकं धरतात. नाव साधं ठेवा, मध्ये स्पेस नको. लेझर एवढंच ठेवा. फायरवॉल चालू असेल तर टीसीपी ६३१ आणि यूडीपी ५३५३ मोकळं करा.

एवढं झालं की बाहेरच्या जगाला तुमचा वीस वर्षांपूर्वीच्या ढंगाचा १०२० एअरप्रिंटवाल्या प्रिंटरसारखा दिसतो. आयफोनवर सुद्धा. मला अजूनही हे बघताना मजा वाटते.

---

नवखा_अमरावती :

यासाठी रास्पबेरी पाय चालेल का? वीज कमी खातो म्हणतात. माझ्याकडे कॅननचा एलबीपी २९०० आहे.

---

पेंग्विनप्रेमी :

१०२० साठी चालू शकतो. २९०० साठी सरळ जमणार नाही. तो कॅप्ट नावाच्या पद्धतीने बोलतो आणि त्याचा कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर फक्त इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरसाठी आहे, पायचा प्रोसेसर एआरएम. लोकांनी मोकळा ड्रायव्हर लिहिलाय पण तो स्वतः कंपाइल करावा लागतो. त्यापेक्षा कोपऱ्यात पडलेला जुना डेस्कटॉप किंवा स्क्रीन फुटलेला लॅपटॉप घ्या.

जुना डेस्कटॉप ठेवला तर बायोसमध्ये जाऊन वीज परत आली की मशीन आपोआप चालू होईल अशी सेटिंग करा, "रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस" किंवा तत्सम नाव असतं. आणि मिंटमध्ये स्लीप बंद. नाहीतर सोमवारी सकाळी क्लार्क येईपर्यंत कोणाचीच प्रिंट निघणार नाही.

---

माळावरचा_मास्तर :

मिंटवर लेझर चालू झाला, लॅबमधून आणि मॅकवरून निघतंय. विंडोज ११ वर नवीन प्रिंटर आहे पण मधूनच ऑफलाईन म्हणतो, छापायचं असलं की रिस्टार्ट. आणि विंडोज ७ चं काही जमतं का बघा, फीच्या पावत्या तिथूनच निघतात.

---

तांब्याची_तार :

विंडोज ११ : प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स टॅब बघा. "डब्ल्यूएसडी" असं लिहिलं असेल तर तेच कारण. तो पोर्ट प्रिंटरला परत परत शोधून काढतो आणि शोध चुकला की ऑफलाईन. प्रिंटर काढून टाका, परत जोडताना मॅन्युअली जोडा, आयपी ॲड्रेस वापरून, आणि डिव्हाइस टाइपमध्ये आयपीपी डिव्हाइस निवडा. टीसीपी-आयपी पोर्टने जोडलात तरी चालेल, पण मग पोर्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये "एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड" (प्रिंटरची खुशाली विचारण्याची पद्धत) ची टिक काढा, प्रिंटरने एसएनएमपीला उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला मेलेला समजतं, चांगला धडधडीत चालू असताना.

विंडोज ७ : आधी विंडोज फीचर्समध्ये "इंटरनेट प्रिंटिंग क्लायंट" चालू आहे का बघा. मग ॲड प्रिंटर, नेटवर्क प्रिंटर, नावाने जोडा, तिथे पत्ता द्यायचा एचटीटीपी, मिंट मशीनचा आयपी, कोलन ६३१, स्लॅश प्रिंटर्स, स्लॅश लेझर. सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, आणि प्रिंटरचं नाव कप्समध्ये जसं आहे अगदी तसंच. ड्रायव्हर विचारला की यादीत जेनेरिक मध्ये "एमएस पब्लिशर इमेजसेटर" असतो तो निवडा.

---

माळावरचा_मास्तर :

इमेजसेटर? तो तर वेगळाच प्रिंटर वाटतोय, १०२० चा ड्रायव्हर नको का टाकायला?

---

पेंग्विनप्रेमी :

नको, आणि हेच तर सगळ्यात भारी आहे यात. इमेजसेटरचा ड्रायव्हर म्हणजे साधा पोस्टस्क्रिप्ट, पान कसं दिसावं हे सांगणारी छपाईची एक जुनी भाषा. विंडोज ७ पोस्टस्क्रिप्ट तयार करून पाठवतं, कप्सला ते कळतं, तोच पुढे १०२० ला समजेल असं करून देतो. १०२० चा ड्रायव्हर विंडोजवर टाकलात तर आधीच भाषांतर झालेला माल कप्सकडे जाईल आणि तो परत भाषांतर करायला बघेल, मग कोरी पानं नाहीतर कचरा.

फक्त ते विंडोज ७ वालं मशीन इंटरनेटपासून तोडा. राउटरमध्ये त्याच्या पत्त्याला बाहेरचं नेट बंद करता येतं, पण मिंट मशीनपर्यंत पोचू दे. फीचं सॉफ्टवेअर ऑफलाईन चालत असेल तर काहीच अडणार नाही.

---

डीटीपी_ताई :

मी नेटवर्कवाली नाही, कोल्हापुरात डीटीपीचं काम करते, पण शाळांच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं करतेय म्हणून लिहिते. सर, प्रिंटर सगळ्यांना जोडलात की तुमच्याकडे पुढची तक्रार फॉन्टची येणार, आताच तयारी ठेवा.

शिक्षक घरी विंडोजवर वर्डमध्ये मंगल फॉन्टात पेपर टाईप करतात. ती फाईल लॅबमध्ये मिंटवर उघडली की तिथे मंगल नाही, मग लोहित किंवा नोटो येतो. अक्षराची रुंदी वेगळी, ओळी सरकतात, चौथ्या पानावर संपणारा पेपर पाचव्या पानावर दोन ओळी टाकतो. गणिताची समीकरणं असतील तर विचारूच नका. आणि जुनी मंडळी अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप करतात, ते युनिकोड नाहीत, फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. मोबाईलवर व्हॉट्सॲपवरून आलेली वर्डची फाईल तर तशीच प्रिंटला देऊच नये.

नियम करून टाका की शाळेत छापायला फक्त पीडीएफ. ज्या मशीनवर टाईप केलं तिथेच पीडीएफ करायची, फॉन्ट तिच्या आत बसतो, मग ती मॅकवरून द्या नाहीतर आयफोनवरून, पान हलत नाही. वर्डमध्ये सेव्ह ॲज मध्ये पीडीएफ, लिब्रेऑफिसमध्ये वर बटणच आहे. आणि पीडीएफ झाल्यावर एकदा डोळ्याखालून घालायची, खासकरून "र्‍या" आणि "क्ष", "ज्ञ", "श्र" असलेले शब्द.

दुसरं, कागद. दुकानातून लीगल म्हणून जो रीम येतो तो बहुतेक वेळा २१५ बाय ३४५ मिलिमीटरचा असतो. कॉम्प्युटरमधला लीगल अमेरिकेचा, साडेआठ बाय चौदा इंच, म्हणजे २१६ बाय ३५६. एक सेंटिमीटरहून जास्त फरक. निकालपत्रक त्याच्यावर काढलं की खालची सह्यांची ओळ जाते. पट्टीने कागद मोजा आणि त्या मापाचा कस्टम साइज करून घ्या, काही प्रिंटरमध्ये "इंडियन लीगल" म्हणून तयार मिळतो.

---

पेंग्विनप्रेमी :

ताई, कागदाचा मुद्दा एक नंबर. लिनक्सवाल्यांसाठी त्यात जोड. मिंट इन्स्टॉल करताना ठिकाण-भाषा अमेरिकन इंग्लिश ठेवली की डिफॉल्ट कागद लेटर होतो, २१६ बाय २७९, आपला ए४ म्हणजे २१० बाय २९७. मग प्रिंटर लेटर कागद टाका म्हणून दिवा लुकलुकत बसतो आणि मागे सगळ्यांची रांग अडते. कप्सच्या पानावर प्रत्येक प्रिंटरच्या डिफॉल्ट ऑप्शनमध्ये ए४ करून ठेवा आणि भाषेत भारत निवडा.

---

माळावरचा_मास्तर :

ताई, तुम्ही सांगितलं ते आज शिक्षकांच्या बैठकीत मांडलं, सगळ्यांना पटलं, पीडीएफच द्यायची ठरलं. विंडोज ७ वरून पावत्या निघतायत. डब्ल्यूएसडीच होता सर, बदलल्यापासून ऑफलाईन नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी एक रास्त शंका काढली. प्रश्नपत्रिका या मिंट मशीनवरून जाणार, तर त्या तिथे साठून राहतात का? आणि लॅबमधली मुलं लेझरवर काहीही छापतील त्याचं काय?

---

पेंग्विनप्रेमी :

बाईंची शंका अगदी बरोबर आहे आणि प्रत्येक शाळेने विचारायला हवी अशी आहे. कप्स छापून झालेल्या फाईल लगेच पुसत नाही, नेहमीच्या सेटिंगमध्ये एक दिवस ठेवतो, कारण कोणाला तीच प्रिंट परत काढायची असेल तर सोपं पडावं. ज्याच्याकडे त्या मशीनचा ॲडमिन पासवर्ड आहे तो त्या काढू शकतो. कप्सच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये "प्रिझर्व्ह जॉब फाइल्स" समोर "नो" लिहा आणि कप्स रिस्टार्ट करा, छापलं की फाईल गेली. कोणी किती वाजता छापलं याची नोंद तरी राहते, आणि ती राहावी. नोंदीत फाईलचं नाव दिसतं म्हणून नावात विषय-इयत्ता नको.

ते मशीन ऑफिसात कुलपाच्या खोलीत, त्यावर मुलांचं लॉगिन नको, वेगळा पासवर्ड.

मुलांसाठी : लॅबच्या मशीनना राउटरमध्ये पत्ते राखून द्या, समजा १०० ते १३०, आणि कप्समध्ये लेझरला त्या पत्त्यांवरून मनाई करा. लॅबला छापायचंच असेल तर इंक टँकवाला द्या. शिवाय "कप्स-ब्राउज्ड" नावाची एक सेवा मिंटवर आपोआप चालू असते, ती दुसऱ्या कप्स मशीनवरचे प्रिंटर शोधते, तुम्हाला सर्व्हरवर तिची गरज नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिच्यात गंभीर भोक सापडलं होतं, यूडीपी ६३१ वरून बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर घुसवू शकत होता. अपडेट आले, तरी सर्व्हरवरून ती काढूनच टाका.

---

तांब्याची_तार :

आणि घरून छापता यावं म्हणून कोणी राउटरमध्ये ६३१ किंवा ९१०० पोर्ट बाहेर उघडून देतो म्हटलं तर साफ नाही म्हणा. पूर्वी त्यासाठी गूगल क्लाउड प्रिंट होतं, ते २०२० च्या अखेरीस बंद झालं, तेव्हापासून लोक असले शॉर्टकट काढतात. घरून पीडीएफ मेल करायची आणि शाळेत आल्यावर छापायची.

---

सफरचंद_ठाणे :

बाईंच्या मॅकवर एक करा. प्रिंटर जोडताना खाली "यूज" असा पर्याय येतो तिथे एअरप्रिंट आहे का बघा. कधी कधी जुना ड्रायव्हर आधीच पडलेला असतो आणि मॅक तोच उचलतो, मग दोन्ही बाजूंनी छापायचा पर्यायच दिसत नाही. आणि आधीचा तो विंडोज शेअरवाला लेझर यादीतून काढून टाका, नाहीतर नावं सारखी दिसतात आणि प्रिंट त्या जुन्याकडे जाऊन अडकते.

---

माळावरचा_मास्तर :

केलं, दोन लेझर दिसत होतेच त्यांना. आता शेवटचं विचारतो, नवीन प्रिंटरचा स्कॅनर लॅबमधून वापरता येईल का? दाखले स्कॅन करून पोर्टलवर चढवायचे असतात, ऑफिसात रांग लागते.

---

पेंग्विनप्रेमी :

येईल. एअरप्रिंटवाल्या मल्टीफंक्शनमध्ये बहुतेक ईएससीएल नावाची स्कॅनची सोय असते. मिंटवर "सेन-एअरस्कॅन" पॅकेज आहे का बघा, नव्या आवृत्तीत ते आधीच असतं, आणि डॉक्युमेंट स्कॅनर ॲप उघडा, प्रिंटर चालू असेल तर यादीत आपोआप येईल. मॅकवर प्रिंटर्स अँड स्कॅनर्स मधूनच स्कॅन करता येतं, विंडोज ११ वर विंडोज स्कॅन ॲप. दाखल्याला ३०० डीपीआय ठेवा, पोर्टलला फाईलच्या आकाराची मर्यादा असेल तर ग्रेस्केलमध्ये घ्या, रंगीतपेक्षा बरीच लहान होते आणि शिक्का-सही व्यवस्थित वाचता येते.